माझ्या पायांचे टेबल

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे, पायाने चालवायची. माझी मालकीण म्हणजे साऱ्या गल्लीची मावशी. तिने माझ्यावर गणवेश शिवले, पडदे शिवले, भाचीच्या बाहुलीचा झगासुद्धा शिवला. लोक तिच्या हाताचे कौतुक करायचे आणि त्यातले थोडे मी गुपचूप माझ्या वाट्याला घ्यायचे. पुढे मावशीचे गुडघे कुरकुरू लागले आणि माझ्यावर चादर पडली. चादरीखालून काही दिसत नाही, म्हणून मी कान टवकारून बसायचे. मशीनला कान कुठले, असे मात्र विचारू नका.

एके दिवशी ती भाची आली. आता ती विद्यापीठात शिकत होती. तिने आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी एक संस्था काढली होती. दूरदेशी कुणी चांगले काम करत असेल, तर आपणही त्याला हातभार लावायचा, एवढाच संस्थेचा हेतू. पहिलेच काम होते परदेशातल्या एका गावात बायकांच्या शिवणवर्गाला मशीन पाठवण्याचे.

"चालणार असेल तरच ने गं," मावशी म्हणाली. "धूळ खायला ती माझ्याकडेही आहे."

"चालेल मावशी, माझा शब्द."

त्या शब्दावर मी घराबाहेर पडले. कुठे जाणार, कुणाचे हात लागणार, याचाच मी वाटभर विचार करत होते.

संस्थेची खोली म्हणजे वसतिगृहाच्या जिन्याखालची अडगळ. मुलांनी मला घासले, तेल पाजले आणि मोठ्या हौसेने विजेची मोटर बसवली. त्या बायकांनी पाय का म्हणून दुखवायचे? माझा पायडलचा लोखंडी सांगाडा आता कशाला हवा, असे म्हणत त्यांच्या अध्यक्षाने त्यावर स्क्रूने फळी बसवली आणि संस्थेचे टेबल तयार केले. मी खिडकीत बसून बघत होते. माझ्याच पायांवर चहाचे कप, आणि भोवती माझ्याच प्रवासाची चर्चा!

त्यांच्यात एक मुलगी होती, तिला सगळे 'चौकशीखिडकी' म्हणत. मला खोक्यात घालताना तिने विचारले, "तिथे वीज किती वेळ असते?"

"असेलच की," अध्यक्ष म्हणाला.

"असेलच म्हणजे? विचारलं कुणी?"

कुणीच विचारले नव्हते. ती तिकडची भाषा शिकत होती. तिने शिवणवर्गाच्या बाईंना फोन लावला, बराच वेळ ऐकून घेतले आणि हळूच म्हणाली, "वीज संध्याकाळी येते, तीही थोडाच वेळ. वर्ग असतो सकाळी."

भाचीने कपाळाला हात लावला. "आता मावशीला काय तोंड दाखवू?"

मलाही फार वाईट वाटले. इतक्या लांब जाऊन पुन्हा चादरीखालीच बसायचे?

अध्यक्षाने टेबलावरचे कप उचलले आणि फळीचे स्क्रू काढायला घेतले. भाचीने मोटर काढून मला पुन्हा माझ्या पायांवर बसवले आणि नवा पट्टा चढवला. त्या दिवसापासून संस्थेच्या बैठका जमिनीवर भरू लागल्या.

मी परदेशात पोहोचल्यावर बाईंनी फोन माझ्यासमोर उभा करून व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर सगळी मुले दाटीवाटीने बसली होती. बाईंनी पायडलवर पाय ठेवला. चाक फिरले, टाके सरळ पडले. भाचीच्या डोळ्यांत पाणी आले.

मग बाईंनी काहीतरी विचारले. "त्या म्हणतायत, तुमच्यासाठी काय शिवू?" चौकशीखिडकीने सांगितले.

"काही नको, खरंच काही नको," भाची घाईघाईने म्हणाली. ते शब्द कळायच्या आधीच बाईंचा चेहरा उतरला.

अध्यक्षाने घसा खाकरला. "सांग त्यांना, फरशी फार गार लागते. बसायला गाद्या हव्यात."

बाई खुदकन हसल्या. मित्रांनो, मी सारा जन्म शिवणाऱ्यांच्या हाताखाली काढला आहे. कुणाला काही द्यायचे असेल, तर त्यांच्यासारखे द्या. बाईंनी कापडाला हात लावला नाही. आधी त्यांनी मापे विचारली.