हंबीररावांचा हळदीचा फेटा

अडुसष्ट सालच्या वैशाखात शिरोळच्या हंबीररावांच्या लेकीचं लग्न ठरलं. त्यांना रेशमी फेटा बांधायचा होता, पण कबनूरच्या यंत्रमागावरचा नको होता. म्हणून ते कोल्हापुरात गौसभाईंकडे आले. गौसभाईंची बायको नजीरा हातमागावर रेशीम विणायची आणि गौसभाई ते फुलापानांच्या, मुळ्यांच्या रंगात रंगवायचे.

"पिवळाधम्मक पायजे," हंबीरराव म्हणाले. "मांडवातल्या लोकांचं डोळं दिपलं पायजेत!"

गौसभाईंनी हळदीत रंगवून दिला. "अण्णा, साबण आन् चुना लांब ठेवा. हळद हाय, लाल पडती."

हंबीरराव आरशात मिशा पिळत होते. "व्हय, व्हय," म्हणाले. ऐकलं काहीच नव्हतं.

लग्नात जेवणं उरकली. हंबीररावांनी पान जमवलं आणि सवयीप्रमाणे चुन्याची बोटं फेट्याच्या पाठीवर सोडलेल्या शेमल्याला पुसली. थोड्या वेळानं त्यांची बायको बायडाबाई किंचाळली, "अवो, रगत! डोसकं फुटलं तुमचं!"

हंबीररावांनी शेमला पुढं ओढला. लालभडक डाग! तालमीत भल्याभल्यांना लोळवलेला तो गडी जाजमावर आडवा झाला.

"दगूड कुणी मारला रं?" भाऊबंद ओरडले.

"म्हंजे आम्ही मारला व्हय?" व्याही गणपतराव बाह्या सारत उठले.

"अवो, हळदीचा फेटा हाय!" लग्नाला आलेले गौसभाई मागून ओरडत होते. त्या कालव्यात कोण ऐकतो?

एवढ्यात हंबीररावांची बहीण आक्का लिंबाचं सरबत घेऊन धावली. जाजमात पाय अडकला आणि निम्मं सरबत शेमल्यावर सांडलं. बघता बघता डाग पिवळे झाले.

सगळे वाकून बघू लागले. हंबीररावांनी एक डोळा उघडला. "जखम भरली?"

"भरली की!" आक्का म्हणाली.

मग काय! गणपतराव गुडघ्यावर सरबत चोळू लागले. एका पावण्यानं टकलावर ओतून घेतलं आणि केस उगवायची वाट बघत बसला. शेवटी गौसभाईंनी खुर्चीवर चढून फेट्याला आधी चुना आणि मग लिंबू लावून दाखवलं, तेव्हा कुठं लोकांना उमगलं.

हंबीरराव मात्र हटेनात. "मग मला चक्कर कशानं आली?"

"पंगतीत एवढं लाडू चेपल्यावर दुसरं काय हुणार?" बायडाबाई म्हणाली.

नवरी इतकी हसली की तिच्या मुंडावळ्या सुटून गळ्यात आल्या.