ग्रीसचं मावंदं

खांदा कॉलनीत आजवर काशीची मावंदी झाली, चारधामची झाली, एकदा तर नुसत्या शिर्डीचं झालं; पण ग्रीसचं मावंदं घालणारे धर्मराज टिपणीस पहिलेच. शेजारपाजारचे म्हणाले, काय हौस आहे माणसाला. हौस कसली? माणूस पोळीपायी घायकुतीला आला होता.

त्याचं असं झालं. धर्मराजांच्या पत्नी सुमतीबाई पनवेलच्या शाळेत इतिहास शिकवायच्या. जन्मभर फळ्यावर ग्रीसचा नकाशा काढला आणि निवृत्त झाल्या त्याच महिन्यात म्हणाल्या, "अहो, मी ग्रीस बघून येते." बरोबर कोण, तर शाळेतल्याच दोघी मैत्रिणी. एक फहमिदा, शिवणाच्या बाई. त्यांचा मुलगा अरीब तिकडेच एका बोट कंपनीत नोकरीला होता. दुसरी आभा, खेळाची बाई, लग्नाच्या भानगडीत न पडता सगळे गडकिल्ले पालथे घातलेली. सामान पाठीवरच्या सॅकमध्ये, निजायचं बोटीच्या डेकवर नाहीतर स्वस्तातल्या खोलीत, अशी ही सहल. विमानतळावर सुमतीबाईंच्या अंगात पंजाबी ड्रेस आणि पायात कॅनव्हासचे बूट होते. धर्मराजांनी ते पाहिलं आणि गप्प बसले, कारण काही बोललं की उत्तर यायचं.

स्वतः धर्मराज न्हावा शेव्याच्या बंदरात, ऑफिसात होते. जगभरच्या बोटींची नावं तोंडपाठ, पण मुंबईहून उरणजवळच्या मोरा बंदराला येणाऱ्या लाँचमध्येसुद्धा त्यांना मळमळायचं. त्यामुळे बरोबर जायचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता जेवणाचा. धर्मराजांना पोळी लागे ती तव्यावरून थेट ताटात. एक संपत आली की दुसरी, फुगलेली, वाफ निघणारी. लग्न झाल्यापासून यात खंड नव्हता. बायको ग्रीसला गेल्यावर त्यांनी खिचडी, पाव आणि शेजाऱ्यांची दया यांवर दिवस काढले. नॅक्सोस नावाच्या बेटावरून सुमतीबाईंचा फोन आला, तेव्हा धर्मराजांचा पहिला प्रश्न होता, "डाळीला शिट्ट्या किती?"

"अहो, इथे समोर समुद्र इतका निळा आहे..."

"ते असू दे. हिंग कुठे ठेवलायस?"

तेवढ्यात फोन कट झाला. हिंग शेवटपर्यंत सापडला नाही.

सुमतीबाई परत आल्या त्या उन्हाने रापून आणि चालून चालून काटक होऊन. पहिल्या रात्री धर्मराज हात धुऊन टेबलाशी बसले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून वाट बघू लागले. सुमतीबाईंनी सगळ्या पोळ्या एकदम करून डब्यात भरल्या, डबा टेबलावर आणून ठेवला, समोर स्वतःचं ताट घेतलं आणि जेवायला लागल्या. धर्मराजांना वाटलं, प्रवासाने दमली असेल. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. पोळी कोमट, घडी घातलेली, कपाटातल्या रुमालासारखी. सॅक दिवाणखान्याच्या कोपऱ्यात तशीच उभी, आणि बोलणं सगळं बेटांचं.

एकदा जेवताना डिलॉसचा विषय निघाला. समुद्रातलं एवढंसं बेट आणि त्यावर अख्खं प्राचीन शहर मोडून पडलेलं. रस्ते, खांब, घरांची जोती, दगडी सिंह; बघायचं आणि आलेल्या बोटीने परत फिरायचं. "आभाला तर रायगडच आठवला," सुमतीबाई म्हणाल्या. "अपोलो देवाचा जन्म तिथला, असं ते मानायचे. पूर्वी कुठून कुठून लोक यायचे हो तिथे यात्रेला."

यात्रा म्हटल्याबरोबर धर्मराजांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यात्रेहून आलं की मावंदं घालायचं असतं. नातेवाइकांना तीर्थ द्यायचं, जेवू घालायचं, की यात्रा रीतसर संपली. बाई घरी आली होती, पण यात्रा संपवायचीच राहिली होती. एकदा मावंदं झालं की सॅक माळ्यावर आणि पोळी तव्यावरून ताटात.

"आपण मावंदं घालू," ते म्हणाले.

सुमतीबाईंनी घास थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. "सगळं रीतीने?"

"अर्थात. रीत म्हणजे रीत."

रीतीच्या बाबतीत धर्मराजांचा नातेवाइकांत दरारा होता. काशीला गेलं की आवडीची एक गोष्ट तिथे सोडून यायची आणि पुन्हा म्हणून तिला शिवायचं नाही. त्यांच्या आईने वालाचं बिरडं सोडलं होतं. टिपणिसांच्या घरात बिरडं सोडायचं म्हणजे श्वास सोडण्यातला प्रकार, पण आई मरेपर्यंत शिवली नाही. चुलतभाऊ बाळू मात्र पापलेट सोडून आला आणि महिन्याभरात एका घरगुती जेवणात तेच चापताना सापडला. "हे पापलेट नाही, सरंगा आहे," असं वर तोंड करून म्हणाला. जसं काही नाव बदललं की मासा बदलतो. धर्मराजांनी भर पंगतीत त्याची अशी हजेरी घेतली की बाळू त्यानंतर घरी फिरकला नव्हता. मावंद्याला मात्र तो सगळ्यांच्या आधी हजर झाला.

मग उरणहून ठमाआत्या आल्या, धर्मराजांच्या सख्ख्या आत्या. फहमिदा आणि त्यांचे यजमान दाऊदभाई आले. त्यांचं पनवेलच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. आभाही आली. तीर्थ म्हणून सॅकमधून पाण्याची अर्धी बाटली निघाली. ठमाआत्यांनी डोळे मिटून पळीभर घेतलं.

"गोड आहे हो तिकडचा समुद्र."

"आत्या, ते बोटीवर विकत घेतलेलं प्यायचं पाणी आहे," आभा म्हणाली.

"असेना. तिकडचंच ना?" म्हणत आत्यांनी उरलेलं टाळूवर शिंपडून घेतलं.

पानं मांडली गेली. श्रीखंड, मसालेभात, वालाचं बिरडं आणि धर्मराजांच्या खास आग्रहावरून कढईतून थेट पानात येणाऱ्या पुऱ्या. सुमतीबाई पदर खोचून ओट्याशी उभ्या होत्या. पहिला घाणा झाला, त्या परात घेऊन बाहेर आल्या आणि टम्म फुगलेली पहिली पुरी त्यांनी धर्मराजांच्या पानात टाकली. वाफेने चष्मा धुरकटला. मावंदं लागू पडलं, धर्मराज मनात म्हणाले. इतके सुखावले की कोपऱ्यातल्या सॅककडेही त्यांनी प्रेमाने पाहून घेतलं.

"सुमती," ठमाआत्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "मग काय सोडून आलीस बाई तिथे?"

सुमतीबाईंनी परात खाली ठेवली. "मागून जेवणं सोडलं, आत्या."

कुणाला काही उमगलं नाही.

"सगळ्यांना वाढायचं आणि सगळे उठले की उरलंसुरलं घेऊन बसायचं, ते सोडलं. डिलॉसला. आता सगळ्यांबरोबर जेवते."

"अहो, त्याआधी नॅक्सोसला काय झालं ते सांगू दे मला," आभा पुढे सरसावली. "खानावळीत बसलो होतो. मालक म्हातारा, ह्या एवढ्या मिशा. तो वाढायला आला की ही उठायची. पाव आण, पाणी आण."

"अल्ला कसम, शेजारच्या टेबलावर जर्मन बसले होते, त्यांनाही हिने भाजी वाढली," फहमिदा म्हणाल्या. "आग्रह करून."

"शेवटी म्हाताऱ्याने हिच्या हातातली पावाची टोपली काढून घेतली आणि खुर्ची पुढे ओढून हिला बसवलंच."

सगळे हसले. सुमतीबाईही हसल्या, मग म्हणाल्या, "भेंडीची भाजी होती आत्या, आपल्यासारखीच. माझ्या ताटातून वाफ येत होती. माझ्या ताटातून वाफ येताना मी शेवटची कधी बघितली, ते आठवेना. मग मला रडू आलं."

हसणं थांबलं. बाळूने घसा खाकरला. "पण वहिनी, सोडायची असते ती आवडती गोष्ट."

"आवडतीच होती की," सुमतीबाई शांतपणे म्हणाल्या. "सगळे तेच म्हणतात ना, सुमतीला वाढायची भारी आवड. तुमचे दादा तर येईल त्याला सांगतात."

सगळ्या माना धर्मराजांकडे वळल्या. सांगितलं होतं खरं. प्रत्येक पंगतीत, कौतुकाने सांगितलं होतं.

बाळू या क्षणासाठी एवढी वर्षं थांबला होता. त्याने पुरी पानात ठेवली. "दादा, आता तुम्हीच सांगा. एकदा सोडलेलं परत धरता येतं?"

धर्मराजांनी मसालेभाताकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. सुटकेची वाट काही दिसेना. "रीत म्हणजे रीत," ते म्हणाले, पण आवाज चोरल्यासारखा निघाला.

"मी काशीला पेरू सोडला," ठमाआत्या म्हणाल्या. "मला पेरू कधीच आवडला नव्हता. ही माझ्याहून शहाणी निघाली." त्या थोड्या सरकल्या आणि शेजारची जागा थोपटली. "बस इथे."

सुमतीबाई बसल्या. आत कढईतलं तेल तापून राहिलं होतं. कुणीतरी उठायला हवं होतं आणि कोण, हे सगळ्यांना कळत होतं. धर्मराज उठले.

"चला भाईसाब, मी पण येतो," दाऊदभाई म्हणाले. "आमच्या घरी ह्या ग्रीसहून आल्या दिवसापासून हेच चाललंय. माझा हात बसलाय आता."

दाऊदभाई तळू लागले आणि धर्मराज लाटू लागले. धर्मराजांच्या पुऱ्यांना कुठलाच आकार धरवत नव्हता. त्या पानात पडल्या की आभा ओळखून दाखवायची, ही नॅक्सोस, ही पारोस, आणि हा तुटलेला तुकडा डिलॉस. बाळूने तर वसूल करून घेतलं. "दादा, पुरी," म्हणून तो इतक्या वेळा ओरडला की धर्मराजांना पापलेटाबद्दल त्याची माफी मागावीशी वाटली. हात भाजला, धोतराला पीठ लागलं, पण कुणी त्यांच्यासाठी उठलं नाही. सुमतीबाई आत्यांशी गप्पा मारत श्रीखंड पुरी खात होत्या, सावकाश, पानावरून नजर न उचलता.

मंडळी पानसुपारी घेऊन बाहेर गॅलरीत गेली, तेव्हा कुठे धर्मराज पानावर बसले. दाऊदभाई तळता तळताच खाऊन मोकळे झाले होते. बिरडं पातेल्याच्या बुडाशी खरवडण्यापुरतं उरलं होतं. सुमतीबाई येऊन समोर भिंतीला टेकून बसल्या.

धर्मराज पुरी मोडायला गेले. ती मोडेना, चिवट वाकली.

"गार झालीय," ते म्हणाले. तक्रार नव्हती, त्यांना नुसतं नवल वाटलं होतं.

"शेवटची गारच असते," सुमतीबाई म्हणाल्या.

धर्मराजांचा घास हातातच राहिला. त्यांना लाज वाटली, कानाच्या पाळ्यांपर्यंत. ग्रीसच्या आधी एवढ्या वर्षांत त्यांनी हिला जेवताना कधी पाहिलंच नव्हतं. ते तेव्हा हात धुऊन आडवे झालेले असायचे. त्यांनी ती पुरी बिरड्यात बुडवून पूर्ण खाल्ली, दुसरी घेतली आणि तीही संपवली.

"त्या डब्यातल्या पोळ्या," ते मान खाली घालून म्हणाले, "तशाच करत जा. दोघांनाही सारख्याच गरम मिळतात."

सुमतीबाईंनी मिठाची वाटी त्यांच्याकडे सरकवली. बसल्या जागेवरूनच.