सतरा नंबरची हजेरी

ताईने जीभ टाळूला लावून आवाज बारीक केला आणि मान वर न करता म्हटलं, "हजर." मग घसा साफ केला, आणि अठरा नंबर पुकारल्यावर स्वतःच्या जाड आवाजात पुन्हा म्हटलं, "हजर." भूमितीच्या बाईंनी तक्त्यावर दोन खुणा केल्या आणि एकोणीस पुकारला. मागच्या बाकावर कुणीतरी हसू दाबलं.

उन्हाळी वर्गाला आलेल्या चाळीस मुली आपली नावं जणू घरीच ठेवून आल्या होत्या. इथं सगळं नंबरावर चालायचं. सतरा नंबर म्हणजे ताईची मावसबहीण. घरात तिला मनी म्हणत, कारण ती मांजरासारखी न सांगता नाहीशी व्हायची आणि भूक लागली की परत यायची. ताई तिच्याहून अकरा महिन्यांनी मोठी. तेवढ्या भांडवलावर तिला ताईपण मिळालं होतं, आणि इथं आल्यावर सगळा वर्गच तिला ताई म्हणू लागला होता. निघताना मावशीने तिचा हात धरून सांगितलं होतं, "तू आहेस म्हणून पाठवतेय हिला." हात सोडायला तिने जरा जास्तच वेळ घेतला होता.

हजेरीत एक फुली पडली की समज, दुसरी पडली की घरी रवानगी. मनीची पहिली फुली पहिल्याच आठवड्यात पडली. दुसरी पडू नये म्हणून ताईने हा बारीक आवाज काढला, आणि मुलींना तो इतका आवडला की झोपायच्या खोलीत त्याची तालीमच सुरू झाली. दोघी-तिघींना तर तो ताईपेक्षाही बरा जमायचा. बाई तक्त्यातून डोकं वर काढत नसत, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं.

निम्मा तास सरला तेव्हा मनी मागच्या दाराने आत सरकली आणि ताईशेजारी बसली. तिच्या चपलांना ओली वाळू लागली होती. तळ्यावर जाऊन आले, असं तिने वहीआडून सांगितलं. दोरीच्या पलीकडे एक खडक आहे, एका दमात गाठता येईल इतका जवळ.

"मग ती दोरी कशाला बांधलीय?" ताईने विचारलं.

"ज्यांना पोहता येत नाही त्यांच्यासाठी. तू फक्त सतरा म्हण, बास."

ताईने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मनी हसली आणि फळ्यावरचं उतरवून घेऊ लागली. बाई अप्रत्यक्ष सिद्धता शिकवत होत्या. जे खोटं आहे असं दाखवायचं, ते आधी खरं धरायचं आणि त्याच वाटेने चालत राहायचं, कुठंतरी ते अडतंच. नुसतं 'समजा' म्हणायला काही लागत नाही, बाई म्हणाल्या, शेवटपर्यंत जायला धीर लागतो.

दुपारी सगळ्या तळ्यावर गेल्या. पोहण्याच्या सरांनी लाल चेंडू ओवलेली दोरी पुन्हा एकदा दाखवली, शिट्टी वाजवली आणि चाळीसच्या चाळीस जणी पाण्यात पडल्या. ताईने मनीची पिवळी टोपी नजरेत धरून ठेवली होती. टोपी दोरीपाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. मग कुणीतरी ताईच्या डोक्यावर चेंडू मारला, तिने तो परत मारला, आणि खेळात चांगली दहा मिनिटं गेली.

तीन शिट्ट्या झाल्या. सगळ्या काठच्या लाकडी धक्क्यावर येऊन टॉवेल गुंडाळून दाटीवाटीने उभ्या राहिल्या. इथं आपला नंबर आपणच ओरडायचा असे. सर सकाळचाच तक्ता हातात धरून दुपारच्या रकान्यात खुणा करत होते. सोळा झालं आणि आवाज थांबला.

पिवळी टोपी कुठंच नव्हती. ताईने पाण्यावरून पुन्हा नजर फिरवली. मग तिला आठवलं, कालही मनी अर्ध्यातून निघून मागच्या पायवाटेने वर खोलीत गेली होती आणि खुशाल वाचत पडली होती. सरांची पेन्सिल रकान्यावर थांबली होती. फुली मारायला कितीसा वेळ लागतो?

"सतरा," बारीक आवाज आला. आणि लगेच जाड आवाज आला, "अठरा."

"चाळीस," शेवटी सर म्हणाले. "एकही कमी नाही. शाबास." ते मनापासून खूश झाले होते. सगळ्या वर आल्यावर त्यांनी तळ्याकडच्या फाटकाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

मनी खाटेवर नव्हती. पुस्तक उशीवर पालथं होतं, पण ते सकाळपासूनच तसं होतं. टॉवेलही नव्हता. म्हणजे ती आलीच नाही, किंवा आली आणि टॉवेल घेऊन कुठंतरी उन्हात बसली. बिस्किटं वाटली तेव्हा ताईने दोन जास्तीची घेतली. भूक लागली की येईल. मैदानावर तिला बॅडमिंटनला उभं केलं, तर साधं फूलही तिला परतवता येईना. तिने गच्ची पाहिली, स्नानगृहं पाहिली. सांगायला हवं होतं, पण ग्रंथालय पाहायचं राहिलं होतं. ग्रंथालय पाहून झाल्यावर जिन्याखालची जागा राहिली होती. एकेक जागा संपत गेली. शेवटी ती फाटकाच्या गजांना धरून उभी राहिली. पाणी सपाट होतं, लाल चेंडू ओळीत होते. समजा ती वर आहे, ताई मनात म्हणत राहिली. समजा ती वरच कुठंतरी आहे. खिशातल्या बिस्किटांचा केव्हाच चुरा झाला होता.

सहाला अभ्यासाची घंटा झाली. खिडक्यांतून अजून भरपूर उजेड येत होता. बाई तोच तक्ता घेऊन आल्या आणि संध्याकाळच्या रकान्यावर पेन्सिल टेकवून पुकारू लागल्या. शेजारची जागा रिकामी होती. ताईने ओठ दातांखाली घट्ट धरले. आता आपण काही बोलायचंच नाही. फुली पडू दे, मनीला घरी पाठवू देत, मावशी आयुष्यभर बोलली नाही तरी चालेल. बाईंनी फक्त मान वर करून विचारावं, कुठं आहे ती?

"सतरा."

बाईंची पेन्सिल थांबली. त्या मान वर करणार, एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला. बारीक, स्वच्छ, ताईलाही कधी जमला नव्हता इतका हुबेहूब.

"हजर."

ताईने वळून पाहिलं. चष्मेवाली तेवीस नंबर तिच्याकडे बघून गोड हसली. विसरलीस ना, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मी आहे की.

बाईंनी खूण केली. "अठरा."

ताई उभी राहिली. तिचा बाक मागे सरकून फरशीवर कर्रर्र वाजला.

"बाई, सतराची खूण खोडा."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि जरा वैतागूनच पेन्सिल उलटी करून तिचं रबर आत्ताच्या खुणेवर टेकवलं.

"दुपारचीसुद्धा," ताई म्हणाली.

बाईंचा हात तक्त्यावर तसाच राहिला.