पांढरा दोरा

उकळत्या नारिंगी सरबतातून अनुसयाबाईंनी चिमट्याने लोकरीचा दोरा उचलला आणि नळाखाली धरला. फळाचा रंग असता तर धुऊन गेला असता. हा गेला नाही. त्यावर आम्लाचा एक थेंब टाकताच दोरा जांभळट गुलाबी झाला.

"आई, हा कोन्ता रंग?" शेजारी उभ्या नलूने विचारले.

"कापडाचा पिवळा."

हिंगणघाटच्या मुलींच्या शाळेत अनुसयाबाई प्रयोगशाळा सांभाळत. नलू अकरा वर्षांची. खाण्यातला कृत्रिम पिवळा रंग पोटात गेला की तिचा श्वास अडके, छातीतून बारीक शिट्टी वाजू लागे. अठ्ठ्याहत्तर सालच्या एप्रिलात तर ओठ निळे पडले होते. बाहेरचे काही पाजण्याआधी त्यात काय आहे ते बघत जा, असे वर्ध्याच्या डॉक्टरांनी बजावले होते. पण गावातल्या बाटलीवर कुठे काय लिहिलेले असते? आणि ही बाटली तर घरचीच. धाकटे दीर बबनराव यांचा सोड्याचा कारखाना मागच्या अंगणात होता. नवरा गेल्यापासून मायलेकी त्यांच्याच घरात राहत होत्या.

दोरा पाहून बबनराव हसले. "परीक्षा घेतली काय वहिनी माह्या सरबताची? किती मार्क पडले?"

वहिनी हसल्या नाहीत, तसे तेही गंभीर झाले. रंग कापडगिरणीतल्या नत्थूने आणून दिला होता. चिमूटभरच लागतो, दहा वर्षांत कुणाचे काही बिघडले नाही, असे त्यांचे म्हणणे. गावातल्या सदाशिवरावांच्या घरचे लग्न दोन दिवसांवर आले होते आणि तीनशे बाटल्या भरून तयार होत्या. हे बाहेर कळले तर कारखाना बसणार, आणि त्याच्या मागोमाग घर.

"नलूची बाटली मी सोता भरतो. भांडं येगळं, बिनरंगाची," ते म्हणाले. "बाकीचं मनातच ठेवजा, वहिनी."

अनुसयाबाईंनी पांढऱ्या लोकरीचा एक कोरा दोरा बबनरावांच्या हातात दिला. नलूची बाटली ओळखायला.

बबनरावांनी शब्द पाळला. लग्नाच्या मांडवात बर्फाच्या टाक्यात हात घालून, गळ्याला दोरा बांधलेली बाटली त्यांनी स्वतः काढून नलूला दिली. भोवतीच्या पोरी नारिंगी झालेल्या जिभा एकमेकींना दाखवत होत्या.

"तुह्याच बाटलीत पानी काऊन वं?" एकीने चिडवले. नलूने आईकडे पाहिले.

पंगत बसत असताना अनुसयाबाईंना तो आवाज आला. झोपेतही ओळखला असता, असा. त्या धावल्या. नलू खांबाला टेकून नीट बसली होती. शिट्टी वाजत होती ती तिला चिडवणाऱ्या पोरीच्या छातीतून. पायाशी तिची रिकामी बाटली पडली होती.

त्यांनी पोरीला पुढे झुकवून बसवले, गळ्याची बटणे सोडली, दवाखान्यात न्यायला रिक्षा मागवली. पोरीच्या आईने अनुसयाबाईंचा दंड धरला.

"असं कधीच झालं नाई वो इले. काय झालं असन, बाई? डॉक्टरले काय सांगू?"

मांडवाच्या तोंडाशी बबनराव उभे होते.

"धूळ असन," अनुसयाबाई म्हणाल्या.

रिक्षा गेली. नलूने बाटलीचा दोरा सोडून घेतला होता आणि आईकडे बघत ती तो बोटाला गुंडाळत होती, वेढ्यावर वेढा, घट्ट. बोटाचे टोक निळे पडले होते.