बावीस वह्यांचं गरम पाणी

नरहरी मास्तरांच्या बावीस वह्यांत बावीस आंघोळी झाल्या. दोनशेपानी वहीवर पाणी कढत येतं आणि शंभरपानीवर कोमट, हा शोध भरे गावात पहिल्यांदा मास्तरांना लागला. त्यांनी तो कुणाला सांगितला नाही.

वह्या त्यांच्याच होत्या. झेडपीच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मास्तरांनी बारा वर्षं एकच उद्योग केला. गावातल्या प्रत्येक भातखाचराचं, ओहोळाचं, दगडाचं आणि पायवाटेचं नाव लिहून काढलं. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, नाव म्हाताऱ्यांच्या तोंडात असतं. मास्तर त्या तोंडांपुढे वही उघडून बसत. रडतं खाचर, कारण बांध कितीही घाला, पाझरतंच. जावयाचा माळ, कारण कुणाचा तरी जावई रुसून तिथे चार दिवस बसला होता आणि त्याला आणायला कुणी गेलं नव्हतं. उपाशी कोंड, चोरवाट, म्हैसबुडी. अशी अकराशे बावन्न नावं जमली. सांगणारे एकेक करून गेले. कोंडिबा तर देवराईमागच्या वाटेचं नाव सांगून चहा यायच्या आत गेला. मास्तरांना वाईट वाटलं, पण नाव मिळालं होतं.

मुलगा वाल्मीक जमिनींचे व्यवहार जुळवून द्यायचा. दोन हजार एक साली त्याने घरात कॉम्प्युटर आणला आणि त्यावर गाणी ऐकू लागला. मास्तर सहासष्टाव्या वर्षी दोन बोटांनी मराठी टायपिंग शिकले. मराठीचा फॉन्ट पौडच्या टायपिंगवाल्याने फ्लॉपीत घालून दिला होता. तो मशिनमध्ये चढवून देताना म्हणाला, "गुरुजी, फ्लॉपी जपून ठेवा." मास्तरांच्या घरात जपून ठेवायची जागा एकच होती. फ्लॉपी देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या मागे गेली आणि दर दसऱ्याला तिला हळदकुंकू लागू लागलं.

एक वही टाइप झाली की मास्तर ती दोनदा ताडून बघत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बंबात घालत.

"आबा, राहू द्या की माळ्यावर," सून कल्पना म्हणाली.

"माळ्यावर वाळवी लागते. कॉम्प्युटरला लागत नाही."

हे खरंच होतं. दोन हजार सात साली कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली, तेव्हा तिला वाळवी लागलेली नव्हती. डब्यात कोंडलेल्या माणसाने नखाने टकटक करावं तसा आवाज तेवढा येत होता.

"मारुंजीत एक पोरगा हाय," वाल्मीक म्हणाला. "हिंजवडीला कंपनीत हाय. मेलेल्या डिस्का उठवतो."

पोराचं नाव पियूष. अकोल्याचा. गंगूबाईंच्या चाळवजा इमारतीत वरच्या खोलीत भाड्याने राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या डिस्क उघडून बसायचा. त्याने डिस्क कानाला लावली, डोळे मिटले आणि डॉक्टरसारखा चेहरा केला.

"काका, हिचं हेड गेलंय. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून थंड केली तर अर्धा तास चालेल. एकदाच. मग संपली. त्या अर्ध्या तासात तुम्हाला काय पाहिजे ते सांगा."

"भरे एक ते भरे बावीस," मास्तर म्हणाले. "बाकी सगळं गेलं तरी चालेल."

पियूषने कागदावर लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मुलगा कामाचा आहे, असं मास्तरांना वाटलं, आणि ते खरं होतं.

डिस्क दोन पिशव्यांत गुंडाळून गंगूबाईंच्या फ्रीजरमध्ये मटारांशेजारी झोपली. चौथ्या दिवशी मास्तर आले तेव्हा टेबलावर दोन सीड्या तयार होत्या.

"बसा काका. ऐंशी टक्के डेटा निघाला," पियूष म्हणाला. "एवढा सहसा निघत नाही. लग्नाचे फोटो सगळे आले. गाणी चारशे बारा. वाल्मीकभाऊंचं प्लॉटिंगचं ब्रोशर, नकाशासकट."

"आणि भरे?"

"त्या बावीस फायली करप्ट होत्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. आधी त्यांनाच हात घातला, काका. एकेक उघडून बघितली, त्यात दहा मिनिटं गेली. मग म्हटलं, मेलेल्यांवर वेळ घालवण्यापेक्षा जिवंत आहे ते वाचवू."

"उघडल्यावर काय दिसलं?"

"कचरा. इंग्रजी ए, त्याच्या डोक्यावर टोपी. ओ, त्याच्यावर दोन टिंबं. मध्येच अर्धा, पाव, पाउंडाची खूण. पानंच्या पानं तसलीच."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ओळी सरळ होत्या?"

"हो."

"डावीकडे आकडा, मग जाड ठशात दोन शब्द, मग खाली बारीक अक्षरात तीन-चार ओळी?"

"बरोबर. मांडणी एकदम नीट होती. तेवढीच वाचली होती."

"ते मराठी होतं," मास्तर म्हणाले. "तुमच्या मशिनमध्ये माझा फॉन्ट नाही. फॉन्ट नसला की मराठी तसंच दिसतं. अक्षर न् अक्षर जागेवर होतं."

पियूषने सीडीचं कव्हर उघडलं आणि परत मिटलं.

"तुम्ही फॉन्ट सोबत द्यायचा ना, काका."

"देवात होता."

त्याने डिस्क पुन्हा जोडून बघितली, मास्तरांसमोरच. या वेळी टकटकसुद्धा आली नाही. पियूष फार कळवळला. त्याने चहा केला, त्यात आलं घातलं, आणि चारशे बारा गाण्यांतलं एक लावून सीडी चालते याची खात्री करून दिली.

वाल्मीकला ब्रोशर मिळाल्याचा आनंद झाला. वडिलांकडे बघून त्याने तो जरा आवरला.

"आबा, त्यात काय एवढं. परत लिवा की. तुमीच लिवलेलं, तुमाला तर पाठ असंल."

मास्तरांनी तेविसावी वही आणली. पहिल्या दिवशी दीडशे नावं आली, आठवडाभरात दोनशे चौदा, आणि तिथे गाडी थांबली. रडतं खाचर आठवलं, पण त्याच्या शेजारचं आठवेना. नावं एकदा कॉम्प्युटरमध्ये ठेवल्यावर मास्तर निर्धास्त झाले होते, आणि निर्धास्त माणूस पाठांतर करत नाही, हे त्यांनी पस्तीस वर्षं वर्गात बघितलेलं होतं.

सांगणाऱ्यांपैकी जिवंत एकच उरली होती, तुळजाबाई. नव्वदीची. तिचं घर आता प्लॉटिंगच्या आत, पलीकडच्या टोकाला होतं. वाल्मीकने जुळवून दिलेलं चौसष्ट प्लॉटचं प्लॉटिंग, चारी बाजूंनी भिंत, फाटकावर गार्ड. मास्तरांनी रजिस्टरमध्ये नाव लिहून सही केली आणि आत गेले.

"ये मास्तरा," तुळजाबाई म्हणाली. "वाळलास की रं. सून जेवाया घालती का न्हाई?"

"घालते. तुळजाबाई, नावं परत सांग."

"कसली?"

"खाचरांची. सगळी."

"आन मागं दोन पावसाळं हितं बसून काय लिवत व्हतास? मला वाटलं नावं लिवतोय."

"तीच लिहीत होतो."

"मग वाच की."

"गेलं ते सगळं. जळलं."

तुळजाबाईने पदर तोंडाला लावला. ती हसते आहे हे मास्तरांना जरा उशिरा कळलं.

"माझंबी गेलं," ती म्हणाली. "तू लिवून नेलंस, मी सोडून दिलं. येवढ्याशा डोस्क्यात किती दिस वागवायचं? म्हनलं, आता मास्तर बघंल. त्या दिसापास्नं झोप लई झ्याक लागती बघ."

मास्तर उठू लागले, तर तिने हाताला धरून बसवलं.

"थांब. बरा आलास. दारातनं ते खालचं खाचर दिसतंय न्हवं, शिमिटाचा मिक्सर फिरतोय तितं? त्याला काय म्हनायचे रं? माझ्या सासूनं ठिवल्यालं नाव. रोज आठवाया बघती. म्हनलं, मास्तर येईल तवा इचारीन, त्याच्यापाशी हाय."

मास्तरांनी दारातून बाहेर बघितलं. मिक्सरशेजारी ४१ नंबरची पाटी रोवलेली होती. खाचराचं नाव आठवून बघितलं. दोन शब्द होते. जाड ठशात. डावीकडे आकडाही होता, चारशेच्या पुढचा. आकड्यापर्यंत ते पोचले आणि पुढे टोपी घातलेली अक्षरं दिसू लागली.

"सांग की."

"बघून सांगतो," मास्तर म्हणाले.

"बघ. पन लौकर सांग. मला काय लई दिस न्हाईत."

फाटकावर गार्डने रजिस्टर पुढे केलं. बाहेर जातानाही लिहावं लागायचं. कुठून आलात, असा एक रकाना होता.

"अंकल, जगह का नाम लिखो."

मास्तरांनी पेन टेकवलं आणि तसंच धरून उभे राहिले. मागे पाण्याचा टँकर येऊन थांबला. त्याने एकदा हॉर्न दिला, मग दुसऱ्यांदा जरा लांबवून. मास्तरांनी लिहिलं, 'प्लॉट नं. ४१'. अक्षर वळणदार होतं, रेघेला धरून.

गार्डने वाचलं, भिंतीवर चिकटवलेल्या नकाशाशी ताडून बघितलं.

"सही है," तो म्हणाला, आणि त्याने टँकरसाठी फाटक पूर्ण उघडलं.