चिंध्या काढल्या तेव्हा

मी एक जुना ड्रम आहे. बॅण्डमधला सर्वांत मोठा, जमिनीवर आडवा बसून पायाने वाजवला जाणारा. मित्रांनो, हळहळू नका. लाथ बसली नाही, तर मी नुसते पिंप.

मला घडवले कारखान्याने, बोलते केले एका शिंपीणबाईंनी. दिवसभर शिलाई मशीन चालवून त्यांचे पाय असे सरावले होते, की दुकान बंद झाले तरी थांबायचे नाव घेत नसत. त्यांची नणंद आणि एक मैत्रीण गिटार वाजवीत, बालवाडीच्या बाई गात. गात म्हणजे गर्जत. चौघींचा हेवी मेटल बॅण्ड!

"सूनबाई, वाजवायचंच तर काही गोड वाजव गं," सासूबाई म्हणत.

"आई, डॉक्टरांनी तुमचं गोड बंद केलंय ना?"

सराव दुकानातच चाले. शेजारी ओरडू नयेत म्हणून माझ्या पोटात कापडाच्या चिंध्या कोंबलेल्या असत. त्यामुळे माझा खरा आवाज चौघींनीही कधी ऐकला नव्हता.

पहिला कार्यक्रम सभागृहात ठरला. त्या संध्याकाळी तिथले व्यवस्थापक मंचावर येऊन म्हणाले, "ताई, आवाज बायकांना शोभेल एवढाच ठेवा. नाहीतर वीज तोडीन."

शिंपीणबाईंनी शांतपणे माझे पुढचे कातडे सोडले, चिंध्या उपसल्या आणि व्यवस्थापकांच्या हातात दिल्या. "धरा. कानात घालायला होतील."

पहिल्या ठोक्याला मीच दचकलो. दुसऱ्या गाण्यात व्यवस्थापकांनी खरोखर वीज तोडली. गिटारी मुक्या झाल्या, माइक मेला. पण मला वीज लागत नाही, मित्रांनो. आणि बालवाडीच्या बाईंना माइक कधी लागला होता? अंधारात आम्ही दोघेच सुरू राहिलो. मग प्रेक्षक पाय आपटू लागले. फरशीच्या काळजीने व्यवस्थापकांनीच वीज जोडली.

पुढे केस पांढरे होईपर्यंत चौघी वाजवीत राहिल्या. एका समीक्षकाने लिहिले, "महिला असूनही उत्तम." नणंदबाईंनी कळवले, "आपणही पुरुष असून बरे लिहिता."

मग गुडघे थकले. त्याच सभागृहाने चौघींचा सत्कार केला, गौरवाची भाषणे केली आणि मला काचेच्या कपाटात बसवले. वीज तोडून जे जमले नाही, ते हारतुऱ्यांनी साधले. मी गप्प झालो.

म्हणून सांगतो, वाद्याला धुळीपासून जपण्याआधी शांततेपासून जपा. कपाटाला कुलूप नाही, दार ढकलले की उघडते. वर पाटी आहे, 'हात लावू नये.' तीही जरूर पाळा. पायांबद्दल तिच्यात एक अक्षर नाही.