वहिनीच्या हातचं लाल पाणी

काच कारखान्याची पहिली पाळी सुटली आणि कामगार रिकामे डबे घेऊन थेट वसाहतीच्या अंगणात जमले. पाय ठेवायला जागा उरली नाही. मधोमध पाण्यावरून घरातला दोष सांगणारा पाणीबाबा बसला होता. त्याच्यापुढे एकाच घरातली चार माणसं उभी होती: आई, मामा, लेक आणि सून. थोरला मुलगा तीन महिन्यांपूर्वी यकृतात गळू होऊन गेला होता. आता धाकट्यालाही तसाच ताप भरला होता आणि तो आत उजवी कूस धरून कण्हत पडला होता.

"माणूस खोटं बोलेल, पाणी नाही बोलणार," बाबा म्हणाला.

शिष्याने एकेकाच्या तळव्यावर चिमूटभर राख चोळली. एकेकाने परातीत हात बुडवले. आई, मामा, लेक झाले तरी पाणी नितळच. शेवटी थोरल्याच्या विधवेने, वहिनीने, हात घातले आणि पाणी लालभडक झालं.

"एका भावाला गिळलं, आता दुसऱ्याला गिळतेय," बाबा शांतपणे म्हणाला. "घरातले पुरुष झिजतात आणि बाया ठणठणीत. असं का, कधी विचारलंत?"

 हा प्रश्न ताईने, म्हणजे त्या लेकीने, स्वतःच मनात कितीदा तरी घोळवला होता. ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करायची, शिकलेली होती. पण घरात हंडा एक, चूल एक, मग भाऊच का आडवे होतात, हे तिला उलगडत नव्हतं. एकदा तर वहिनीने पुढे केलेला चहाचा कप घेताना तिचा हात अडखळला होता. त्या दुपारी आईने वहिनीला माहेरी धाडलं. वहिनीने एकदाच ताईकडे पाहिलं. ताई गप्प राहिली.

नंतर परात उचलताना मात्र ती थबकली. दिवसभर रक्त हाताळणारी बाई ती. पाण्यात रक्त मिसळलं की मळकट दिसतं, हे पाणी तर बांगडीसारखं झगझगीत गुलाबट लाल होतं. तिने ते बाटलीत भरून नेलं. प्रयोगशाळेत लिंबाचे चार थेंब पडताच रंग पार उडाला. कॉलेजात हाताळलेलं फिनॉल्फ्थॅलीन हे रसायन तिला आठवलं: साध्या पाण्यात बिनरंगी, चुना लागला की लाल.

रंगाचं कोडं सुटलं, बाबाचा प्रश्न तसाच उरला. तो तिने डॉक्टरांना विचारला. भावाला इतके दिवस घरीच ठेवलं म्हणून ते आधी तिच्यावरच रागावले, धाकट्याला तासाभरात उचलून आणायला लावलं, औषध सुरू केलं आणि मग बोलले.

"हा अमीबा आहे, घाणेरड्या पाण्यातून पोटात जातो. बाईच्याही आणि पुरुषाच्याही. पण यकृतात गळू झालेल्या एका बाईमागे सात-आठ पुरुष सापडतात. पुरुषी संप्रेरकामुळे शरीराचा प्रतिकार भलतीकडे वळतो, अमीबा राहतो बाजूला आणि यकृताचीच नासाडी होते, असं दिसतंय. शिवाय जनुकं. तुझे भाऊ आईबापांकडून एकसारखं काही घेऊन आले असतील, मामाच्या वाट्याला ते आलं नसेल. सगळं अजून कळलेलं नाही. पण तुझ्या वहिनीने काही केलेलं नाही, एवढं नक्की."

त्यांनी धाकटा सोडून घरातल्या बाकी सगळ्यांचे, माहेरी गेलेल्या वहिनीचेही, शौचाचे नमुने मोठ्या प्रयोगशाळेत धाडले. अमीबा एकीच्याच पोटात सापडला. ताईच्या. वहिनीचा नमुना स्वच्छ होता.

आठवड्याने बाबा घरातल्या बाधेचा 'बंदोबस्त' करायला आला. पुन्हा तीच गर्दी. ताईने प्रयोगशाळेतून आणलेलं फिनॉल्फ्थॅलीन परातीतल्या पाण्यात ओतलं, आईच्या तळव्यांना चुना चोळला आणि म्हणाली, "आई, हात बुडव." पाणी लाल झालं. आईने झटकन हात बाहेर काढले. ताईने वरून लिंबू पिळलं, पाणी पुन्हा नितळ.

"शिष्याकडे राखेच्या नावाने दोन पुरचुंड्या आहेत," ती म्हणाली. "खरी राख असती तर पाणी पहिल्याच हाताला लाल झालं असतं. चुन्याची पुरचुंडी फक्त वहिनीसाठी सोडली होती. आणि भावांचा रोग कुणाच्या पोटात आहे म्हणाल, तर माझ्या. आता मला घालवा माहेरी. माझं माहेर हेच आहे."

कुणी हसलं नाही. शिष्याच्या पिशवीत दोन पुरचुंड्या निघाल्या तेव्हा बाबा चपला न घालताच चालता झाला. पुढे वसाहतीची पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन उकरली, तर ती गटाराला खेटून फुटलेली होती. धाकटा बरा झाला.

ताई वहिनीला आणायला गेली. वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या दिवशी का नाही बोललीस?"  वहिनी परत आली नाही.

घरात एक आजारी पडतो, दुसरा पडत नाही, हे कोडं खरंच असतं. ते नाकारू नका. पण उत्तर शोधायचं ते पाण्यात, रक्तात, तपासणीच्या कागदावर. घरातल्या एकटीकडे बोट दाखवून मिळतं ते उत्तर नव्हे. आणि ज्याला हे समजतं, त्याने वेळेवर तोंड उघडावं.